हात धुतले नाहीत म्हणून नव्हे, हवेतल्या धुळीनं माणसं मेली! डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांची कहाणी

कारखान्यात काम करणारा माणूस आजारी पडला, की मालकाचं उत्तर ठरलेलं असायचं. हात न धुता जेवला असेल, दारू पीत असेल, अंगानंच नाजूक असेल. चूक कामगाराची, कारखान्याची नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत सगळीकडे हेच ऐकू यायचं. डॉक्टर तेच म्हणायचे, सरकारही त्यावर विश्वास ठेवायचं.

हे उत्तर खोटं आहे, हे एका बाईनं दाखवून दिलं. तेही भाषण ठोकून नाही, तर घरोघरी फिरून, माणसं मोजून आणि कारखान्यातली धूळ तपासून. त्यांचं नाव डॉ. ॲलिस हॅमिल्टन. कामाच्या जागची हवा आणि कामगाराचा आजार यांचं नातं अमेरिकेत पहिल्यांदा पुराव्यानिशी मांडलं ते त्यांनी. आज कारखान्यात धूळ ओढून घेणारे पंखे दिसतात, कामगारांची वैद्यकीय तपासणी होते, पेट्रोलमध्ये शिसं नसतं. या सगळ्यामागं ज्यांची मेहनत आहे, त्यांत या बाईंचं नाव फार वरचं आहे.

दुकान बुडालं, मुलगी डॉक्टर झाली

ॲलिस यांचा जन्म 27 फेब्रुवारी 1869 रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. बालपण मात्र गेलं इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन या गावी. घर खातंपितं होतं. चार बहिणी आणि एक भाऊ. थोरली बहीण एडिथ पुढं ग्रीक पुराणकथांवरच्या पुस्तकांमुळं जगभर गाजली.

वडिलांचा किराण्याचा घाऊक व्यापार होता. तो 1885 च्या सुमारास बुडाला. आता मुलींनाही आपल्या पायावर उभं राहावं लागणार, हे उघड झालं. ॲलिस यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. त्यांचा हिशेब साधा होता. डॉक्टर माणूस कुठंही जाऊ शकतो, शहरात, खेड्यात, गरीब वस्तीत, आणि कुठंही उपयोगी पडतो.

त्या काळी बाईनं डॉक्टर होणं सोपं नव्हतं. त्यांनी मिशिगन विद्यापीठातून 1893 मध्ये वैद्यकीय पदवी घेतली. पुढच्या शिक्षणासाठी बहिणीसोबत जर्मनीला गेल्या. तिथल्या विद्यापीठांत बायकांना रीतसर प्रवेशच नव्हता. वर्गात बसायचं, पण कुणाच्या नजरेत भरायचं नाही, अशा बोलीवर त्यांना बसू दिलं गेलं. परत आल्यावर त्या जंतुशास्त्र आणि रोगनिदानाचं काम शिकल्या. 1897 मध्ये शिकागोतल्या बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना शिकवायची नोकरी मिळाली.

गरीब वस्तीत बावीस वर्षं मुक्काम

शिकागोत त्यांनी राहायला जागा निवडली ती हल हाऊस. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोघींनी 1889 मध्ये गरिबांच्या वस्तीत हे घर सुरू केलं होतं. शिकलेली माणसं तिथं येऊन राहायची आणि शेजारपाजारच्या लोकांसाठी काम करायची. आजूबाजूला इटली, पोलंड, ग्रीस, रशिया अशा देशांतून पोटासाठी आलेली कुटुंबं. भाषा येत नाही, कुणाची ओळख नाही, मिळेल ते काम करायचं.

ॲलिस यांनी इथं लहान बाळांसाठी दवाखाना चालवला. बाळाला अंघोळ कशी घालावी, काय खाऊ घालावं, हे त्या आयांना शिकवायच्या. बोलता बोलता घरातल्या पुरुषांची गोष्ट निघायची. कुणाचा नवरा पोट धरून गडाबडा लोळतो. कुणाच्या मनगटातला जीवच गेलाय, हात उचलत नाही. कुणी चाळिशीतच म्हातारा दिसतो. हे सगळे कुठं काम करतात, असं विचारलं की ठरावीक कारखान्यांची नावं पुढं यायची. रंगाचा कारखाना, शिसं वितळवायची भट्टी, बॅटरीचा कारखाना.

दिवसा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली काचा बघायच्या आणि संध्याकाळी ही माणसं बघायची. खरा आजार काचेवर नाही, या वस्तीत आहे, हे त्यांच्या मनानं हळूहळू घेतलं.

टायफॉईडच्या साथीनं दिलेला धडा

1902 मध्ये शिकागोत टायफॉईडची साथ आली. हल हाऊसच्या आसपास तर मृत्यूंचं प्रमाण फारच होतं. ॲलिस यांनी उघडे संडास बघितले, त्यांवरच्या माशा पकडल्या, प्रयोगशाळेत तपासल्या आणि त्यांत टायफॉईडचे जंतू सापडले. माशांमुळं साथ पसरली, असा लेख त्यांनी लिहिला. मोठी वाहवा झाली. आरोग्य खात्याची चौकशी लागली, खात्यात फेरबदल झाले.

पण पुढं खरी गोष्ट कळली. पाणीपुरवठ्याच्या पंपिंग स्टेशनमध्ये बिघाड होऊन गटाराचं पाणी पिण्याच्या नळात शिरलं होतं. ही गोष्ट अधिकाऱ्यांनी दाबून ठेवली होती. माशांचा वाटा होता तो थोडासाच.

दुसरा कुणी असता तर वाहवा घेऊन गप्प बसला असता. ॲलिस यांनी मात्र आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग न लपवता लिहिला. मनाला पटणारं कारण आणि खरं कारण यांत फरक असतो. आणि ज्यांच्यावर जबाबदारी आहे, तेच माहिती दाबून ठेवू शकतात. या दोन गोष्टी पुढच्या सगळ्या कामात त्यांच्या उपयोगी पडल्या.

शिसं म्हणजे काय प्रकरण?

शिसं हा धातू माणसाला हजारो वर्षांपासून माहीत आहे. मऊ, जड, लवकर वितळणारा. त्यापासून भिंतीला लावायचा सफेदा बनायचा. आपल्याकडं देवाला लावतात तो पूर्वापारचा शेंदूरही शिशापासूनच बनतो. नळ, छपाईचे खिळे, बॅटऱ्या, चिनी मातीच्या भांड्यांची चकाकी, सगळीकडं शिसं.

अंगात गेलं की ते लवकर बाहेर पडत नाही. रक्तात मिसळतं, हाडांत साठतं. माणूस फिकट पडतो, भूक मरते, पोटात असह्य कळा येतात. मनगटाच्या नसा जातात आणि हात लुळा लोंबतो. जास्त झालं तर झटके येतात, डोकं फिरतं, जीव जातो. बाई गरोदर असेल तर गर्भ पडतो.

आता प्रश्न असा, की ते अंगात शिरतं कुठून? मालक म्हणायचे, हातातून. हात न धुता जेवल्यामुळं. म्हणजे साबण दिला, बोर्ड लावला की मालकाची जबाबदारी संपली. ॲलिस यांचं म्हणणं वेगळं होतं. हात धुवायलाच हवेत, पण मुख्य वाट श्वासाची आहे. वाळलेला सफेदा फावड्यानं भरताना उडणारी धूळ, शिसं वितळताना निघणारी वाफ, हे माणूस दिवसाचे दहा-बारा तास नाकातोंडावाटे आत घेतो. हात कितीही धुतले तरी श्वास काही थांबवता येत नाही.

हा फरक दिसायला लहान, पण सगळं भांडण त्यावरच होतं. आजार हातातून आला तर दोष कामगाराचा. हवेतून आला तर दोष कारखान्याचा, आणि तो दूर करायला मालकाला पैसा खर्च करावा लागणार.

इलिनॉय राज्याची पाहणी

इंग्लंड-जर्मनीत तोवर कारखान्यांवर निरीक्षक होते, आजारांच्या नोंदी होत्या, कायदे होते. अमेरिकेत यातलं जवळपास काहीच नव्हतं. ॲलिस यांनी इंग्लंडमधल्या धोकादायक धंद्यांवरचं एक पुस्तक वाचलं आणि त्यांना प्रश्न पडला, की हेच धंदे आपल्याकडंही चालतात, मग आपले आजारी कामगार गेले कुठं? आपल्याकडं आजार नाहीत, की आपण मोजतच नाही?

1910 मध्ये इलिनॉय राज्याच्या सरकारनं धंद्यामुळं होणाऱ्या आजारांची पाहणी करायचं ठरवलं. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यात असं काम पहिल्यांदाच होत होतं. त्याची सूत्रं ॲलिस यांच्याकडं आली. वय 41 वर्षं. आपल्या वाट्याचं मुख्य काम म्हणून त्यांनी निवडलं शिसं.

आता अडचणी बघा. कुठल्या कारखान्यात शिसं वापरतात याची यादी नाही. कारखान्यात जबरदस्तीनं शिरायचा अधिकार नाही. कामगार बोलायला घाबरतात, कारण बोललं तर नोकरी जाते. आजारी पडलेला माणूस काम सोडून निघून जातो, त्याच्या जागी दुसरा येतो, आणि मालक सांगतो की आमच्याकडं आजारी कुणीच नाही. तो खोटंही बोलत नसतो, कारण आजारी माणूस खरंच तिथं उरलेला नसतो!

ॲलिस यांनी दुसरी वाट धरली. दवाखान्यांची जुनी रजिस्टरं चाळली. औषधांच्या दुकानात जाऊन विचारलं. पाद्री, कामगार संघटनेचे लोक, धर्मादाय संस्था, गुत्त्यावर बसणारी माणसं, सगळ्यांशी बोलल्या. मग पत्ता काढून थेट रुग्णाच्या घरी. बायको स्वयंपाकघरात सांगायची, नवरा काय काम करतो, किती दिवस आजारी आहे. कारखान्यात न दिसणारा आजार घरात खाटेवर पडलेला दिसायचा.

पाहणी संपली तेव्हा शिसं वापरणारे 77 उद्योग-प्रक्रिया नोंदल्या गेल्या होत्या आणि शिशाच्या विषबाधेचे 578 रुग्ण कागदावर आले होते. प्रत्येकामागं नाव, काम, जागा. आता हे नाही म्हणायची सोय उरली नाही.

बाथटबची गोष्ट

त्यांच्या कामाची रीत एका उदाहरणावरून कळते. शिकागोच्या दवाखान्यात त्यांना एक पोलिश कामगार भेटला. शिशाच्या विषबाधेनं त्याचे हात गेले होते. तो म्हणाला, मी बाथटबला मुलामा देतो. ॲलिस त्या कारखान्यात गेल्या. व्यवस्थापकांनी सगळं हसतमुखानं फिरवून दाखवलं. धोक्याचं काहीच दिसलं नाही.

पण त्या कामगाराच्या घरी गेल्या तेव्हा कळलं, की त्यांना फक्त शेवटचं किरकोळ काम दाखवलं होतं. खरा मुलामा दुसऱ्याच जागी दिला जातो. तिथं त्या जाऊन पोहोचल्या. भट्टीतून लालबुंद तापलेला टब बाहेर काढतात आणि कामगार लांब दांड्याच्या चाळणीनं त्यावर मुलाम्याची भुकटी भुरभुरतो. भुकटी गरम लोखंडावर वितळते, पण बरीचशी हवेत उडते. आगीसमोर दमलेला माणूस तोंड उघडं टाकून धापा टाकत असतो आणि ती धूळ सरळ आत ओढत असतो. ॲलिस यांनी भुकटीचा नमुना मिळवून तपासला. त्यात 20 टक्क्यांपर्यंत शिसं होतं.

साहेबांनी दाखवलेल्या खोलीवरून अहवाल लिहिला असता, तर त्या कारखान्याला सगळं ठीक असल्याचं प्रमाणपत्र मिळालं असतं. सत्य कळलं ते आजारी माणसाच्या घरी गेल्यामुळं.

मालकाशी भांडण नाही, पुरावा

ॲलिस या आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. बोलणं शांत, वागणं मृदू. मालक हा मुळातच दुष्ट असतो असं त्या धरून चालत नसत. बऱ्याच मालकांना आपल्या छपराखाली काय चाललंय हे ठाऊकच नसतं, असा त्यांचा अनुभव होता.

नॅशनल लेड कंपनीचे एडवर्ड कॉर्निश यांचं उदाहरण आहे. त्यांच्या शिकागोतल्या कारखान्यात माणसांना विषबाधा होतेय, असं ॲलिस यांनी सांगितल्यावर कॉर्निश चिडले. असं काही नाही यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. पण पुरावा आणलात तर मी सुधारणा करीन, असा शब्द त्यांनी दिला. ॲलिस यांनी दवाखान्याची मदत घ्यावी लागलेल्या 22 रुग्णांची नोंद आणून समोर ठेवली. कॉर्निश यांनी शब्द पाळला. धूळ आणि धूर आवरण्यासाठी इंजिनिअर कामाला लावले, कामगारांच्या तपासणीला डॉक्टर नेमले. तोवर अशा यंत्रणेचा नमुनाही कुठं तयार नव्हता, सगळं नव्यानं शोधून काढावं लागलं.

पण सगळेच मालक कॉर्निश नसतात, हेही ॲलिस यांना माहीत होतं. चांगुलपणावर विसंबून चालत नाही, कायदा लागतो. इलिनॉय राज्यानं 1911 मध्ये तसा कायदा केला. विषारी धूळ आणि धूर यांपासून कामगाराचं संरक्षण, दर महिन्याला डॉक्टरी तपासणी आणि आजाराची सरकारकडं नोंद हे मालकावर बंधनकारक झालं.

देशभर फिरणं आणि पिवळा धूर

1910 मध्येच त्या ब्रुसेल्सला एका आंतरराष्ट्रीय परिषदेला गेल्या होत्या. तिथं बेल्जियमच्या एका अधिकाऱ्यानं सगळ्यांसमोर टोमणा मारला, की अमेरिकेत कामगारांच्या आरोग्याची व्यवस्था अशी नाहीच. ऐकून वाईट वाटलं, पण गोष्ट खरी होती. त्या परिषदेला अमेरिकी सरकारचे कामगार आयुक्त चार्ल्स नील हजर होते. त्यांनी ॲलिस यांना देशभर असंच काम करायला सांगितलं. ठरावीक पगार नाही, कारखान्यात शिरायचा अधिकार नाही. काम पूर्ण झालं की सरकार अहवाल विकत घेणार, एवढंच. त्यांनी होकार दिला. सफेद्याचे कारखाने, शिशाच्या भट्ट्या, छापखाने, बॅटऱ्या, रबर असं एकेक क्षेत्र त्यांनी पिंजून काढलं.

पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याचे कारखाने धडाधड उभे राहिले. ते कुठं आहेत हे गुप्त. सरकारकडंही धड यादी नाही. ॲलिस यांनी शोधायची साधी युक्ती काढली. आकाशाकडं बघायचं. पिवळ्या-नारिंगी धुराचे लोट जिथून उठताना दिसतील तिथं जायचं. तो धूर नायट्रिक आम्लातून निघणारा, फुप्फुसं जाळणारा. आजूबाजूच्या गावांत रस्त्यावर माणसं दिसायची त्यांचे हात, चेहरे, केसही पिवळे पडलेले. धुरावरून कारखाना आणि माणसाच्या रंगावरून त्याचं काम त्या ओळखायच्या. दारूगोळा फुटून मेलेल्यांची बातमी व्हायची, वाफेनं मेलेल्यांची होत नव्हती. ती नोंद ॲलिस यांनी केली.

युद्धाला त्यांचा स्वतःचा विरोध होता. 1915 मध्ये हेग इथं भरलेल्या महिलांच्या शांतता परिषदेला त्या जेन ॲडम्स यांच्यासोबत गेल्या होत्या.

हार्वर्डच्या तीन अटी

1919 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाला कामगारांच्या आरोग्याचा विषय शिकवायला माणूस हवा होता. या विषयात ॲलिस यांच्या तोडीचं देशात दुसरं कुणी नव्हतं. हार्वर्डच्या अध्यापकवर्गात नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या बाई ठरल्या. ज्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकवणार होत्या, तिथं मुलींना विद्यार्थिनी म्हणून प्रवेश मिळायला 1945 साल उजाडावं लागलं!

नेमणूक झाली, पण तीन अटींवर. प्राध्यापकांच्या क्लबात यायचं नाही. फुटबॉल सामन्याची तिकिटं मागायची नाहीत. पदवीदान समारंभाच्या मिरवणुकीत चालायचं नाही. ॲलिस यांनी त्यावर वेळ घालवला नाही. उलट त्यांनी आपलीच अट घातली. वर्षातले सहा महिनेच शिकवीन, बाकीचा वेळ माझ्या पाहणीच्या कामाला. 1935 मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हाही सहायक प्राध्यापकच होत्या. सोळा वर्षांत एकही बढती नाही.

त्या काळातच, 1925 मध्ये, औद्योगिक विषांवरचं त्यांचं मोठं पुस्तक आलं. अमेरिकेत या विषयावरचं ते पहिलं पाठ्यपुस्तक.

पेट्रोलमधलं शिसं

इथवर गोष्ट कारखान्याच्या भिंतीआड होती. आता ती रस्त्यावर आली.

मोटारीच्या इंजिनात धडधड व्हायची, ती थांबवायला जनरल मोटर्सच्या संशोधकांनी 1921 मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घालायचा उपाय काढला. 1923 पासून असं पेट्रोल विकलं जाऊ लागलं. विकताना नावात शिशाचा उल्लेख नव्हता, नुसतं इथाइल म्हणायचे. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात हे संयुग बनवणारे कामगार भ्रमिष्ट झाले. पाच जण मेले, अनेकांना दवाखान्यात न्यावं लागलं.

आरडाओरड झाली. 20 मे 1925 रोजी वॉशिंग्टनमध्ये सरकारनं बैठक बोलावली. एका बाजूला मोटार आणि तेल कंपन्या. दुसऱ्या बाजूला थोडे डॉक्टर आणि शास्त्रज्ञ, त्यांत ॲलिस. त्यांचा मुद्दा सरळ होता. कारखान्यात पंखे लावता येतात, कामगाराची तपासणी करता येते. रस्त्यावर हे कसं करणार? गाडीच्या धुरातून शिसं सगळ्या शहराच्या हवेत जाणार आणि धुळीत साठत राहणार. तिथं लहान मुलं आहेत, गरोदर बाया आहेत. शिसं थोडं थोडं साठतं, एका दिवसात माणूस पडत नाही म्हणून ते निर्धोक ठरत नाही. दुसरा काही पर्याय शोधा, असं त्यांचं म्हणणं होतं.

सरकारनं समिती नेमली. तिनं काही महिन्यांत 252 माणसं तपासली आणि बंदी घालण्याइतपत कारण दिसत नाही, असं सांगितलं. पुढं तपासणी चालू ठेवावी असंही समितीनं लिहिलं होतं, पण सरकारनं ते मनावर घेतलं नाही. शिशाचं पेट्रोल परत सुरू झालं आणि जगभर पसरलं.

ॲलिस तिथं हरल्या. पण बरोबर त्याच होत्या. पन्नास वर्षांनी, 1970 च्या दशकात, अमेरिका पेट्रोलमधलं शिसं कमी करू लागली. 1996 मध्ये तिथं रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते पूर्ण बंद झालं. मुलांच्या मेंदूवर आणि बुद्धीवर शिशाचा परिणाम होतो, हे तोवर सिद्ध झालं होतं. भारतात देशभर शिसंमुक्त पेट्रोल आलं ते 2000 मध्ये. त्या काळी पंपावर लागलेले अनलेडेडचे फलक अनेकांना आठवत असतील. जगात सगळ्यात शेवटी अल्जीरियानं 2021 मध्ये ते बंद केलं. 1925 च्या बैठकीत सांगितलेली गोष्ट मान्य व्हायला जगाला 96 वर्षं लागली.

शंभरी पार

निवृत्तीनंतरही काम थांबलं नाही. वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी पेनसिल्व्हेनियात कृत्रिम रेशमाच्या कारखान्यांची पाहणी चालवली. तिथं वापरलं जाणारं कार्बन डायसल्फाइड हवेतून डोक्यात भिनायचं आणि धडधाकट कामगारांना वेड लागायचं. 1943 मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिलं.

कनेक्टिकट राज्यात हॅडलाइम या नदीकाठच्या गावी त्यांनी बहिणीसोबत उतारवय काढलं. लग्न त्यांनी केलं नाही. 22 सप्टेंबर 1970 रोजी वयाच्या 101 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, 29 डिसेंबरला, अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षा आणि आरोग्याचा देशव्यापी कायदा झाला. दोनच दिवसांनी स्वच्छ हवेचा मोठा कायदाही झाला. दोन्ही बघायला त्या नव्हत्या.

आपल्यासाठी त्यात काय?

आपल्या देशातही 2025 पर्यंत 1948 चा कारखाने कायदा होता. धंद्यामुळं होणाऱ्या ज्या आजारांची माहिती सरकारला कळवणं बंधनकारक होतं, त्यांची यादी या कायद्यात दिली होती. त्या यादीत पहिलंच नाव शिशाच्या विषबाधेचं होतं. असा रुग्ण दिसला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवायचं असे.

पण कायदा कागदावर असतो, धूळ शेडमध्ये असते. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारी एखादी पत्र्याची शेड, जिथं चार-पाच माणसं हजेरीविना काम करतात, तिथवर कायदा सहसा पोहोचत नाही. तिथला माणूस पोट दुखतं म्हणून दवाखान्यात जातो, गोळी घेतो आणि परत कामावर येतो. तू काम काय करतोस, हे त्याला कुणी विचारलं तरच खरा आजार सापडतो. म्हणून आपल्या घरातलं कुणी धुळीत, धुरात, भट्टीवर काम करत असेल, तर डॉक्टरला दुखणं सांगताना काम कुठलं आणि कुठं करतो तेही सांगा. डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगा. शिसं अंगात किती गेलंय हे रक्ताच्या तपासणीत कळतं. कामावरचे कपडे घरात झटकू नका. त्या कपड्यांवरची धूळ घरातल्या लेकराच्या श्वासात जाते.

आणि कुणी म्हणालं, की आजारी पडलास कारण तू हात धुतले नाहीस, तर हात जरूर धुवा. पण हवेचं काय, हेही विचारा. ॲलिस हॅमिल्टन यांनी जन्मभर हाच प्रश्न विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत कारखान्याच्या दारातून हलल्या नाहीत.